वाऱ्याच्या माथी मारलेली झाडं

अकरा वर्षं मी माझ्या काकांपासून एक गोष्ट लपवली. ती बाहेर पडली तो दिवस माझ्या आयुष्यातल्या फार आनंदाच्या दिवसांपैकी एक ठरला, म्हणून हे लिहितो आहे.

आमचं घर शहरात, सरस्वतीपुरमला. घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. आता ते काम कुणी करत नाही. हाताने कापड रंगवलेले शेवटचे काकाच. पुढे त्यांनी कृष्णराजनगरजवळ थोडी जमीन घेतली. खालच्या अंगाला भात, आणि वर फणस, नारळ, करंज, सिल्व्हर ओक अशी दाट मिसळ. झाडांवर मिरीचे वेल, सावलीत हळद.

मी हेब्बाळला एका कंपनीत नोकरी करतो. एका रविवारी ऑफिसातले मित्र काकांच्या शेतावर आले. एकजण म्हणाला, "हे शेत म्हणायचं की जंगल?" सगळे हसले. मीही हसलो, पण मला लाज वाटली. पुढे काका डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे हुबळीला गेले, तेव्हा मी रस्त्याकडची चाळीस झाडं तोडून घेतली, बुंधेसुद्धा उपटून काढले आणि सरळ ओळींत ऊस लावला. काका परतल्यावर सांगितलं, "मोठा वारा आला होता. त्या बाजूची सगळी झाडं गेली."

त्यांनी विश्वास ठेवला. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण त्यानंतर त्यांनी त्या तुकड्यात एकही रोप लावलं नाही. "तिथं वाऱ्याची वाट आहे," असं ते शेजाऱ्यांनाही सांगत. त्यांच्या शब्दावर दोघा शेजाऱ्यांनी आपापले बांध मोकळे ठेवले. तिकडून जाताना मी दुसरीकडे बघायचो.

गेल्या वर्षी संशोधन करणारी एक मुलगी आली. कुठल्या जमिनीत किती कर्ब साठतो, ते तिला मोजायचं होतं. तिने प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर फीत गुंडाळून घेर लिहून घेतला, आणि भात, ऊस, झाडं अशा तिन्ही ठिकाणची माती नळीने खोलवरून काढून पिशव्यांत भरली. झाड हवेतला कर्ब खोडात आणि मुळांत धरतं, पानं कुजून तो मातीत उतरतो, हे तिने काकांना कन्नडमध्ये समजावलं. जुन्या जंगलाची सर कशालाच नाही, पण अशा मिसळीत साध्या शेतापेक्षा पुष्कळ जास्त राहतो, असंही म्हणाली.

"मशीन कशाला, मगळे?" काका म्हणाले. ते सगळ्याच मुलींना मगळे, म्हणजे लेकी म्हणतात. त्यांनी आपलं जुनं पांढरं धोतर फाडलं, तिन्ही ठिकाणची माती वेगवेगळी पाण्यात कालवून त्याच्या तीन तुकड्यांना चोळली आणि तुकडे दोरीवर टाकले.

"तिन्ही सारखेच दिसतात की," मी म्हणालो. मला ते तसेच राहायला हवे होते.

"ओलं असताना सगळंच गडद दिसतं. रंगाऱ्याच्या पोरा, वाळू दे जरा."

तासाभरात कापड वाळलं. झाडाखालचा तुकडा दाट तपकिरी. भाताचा राखाडी. उसाचा मात्र फिकट, धुवून उरलेल्या डागासारखा.

"प्रयोगशाळेत तपासू," मुलगी हसून म्हणाली, "पण उसाच्या जागी झाडं लावाल तर रोपं आम्ही देऊ."

"तिथं नको. वारा राहू देत नाही."

रोपं फुकट, जागा तयार, आणि आड येत होतं माझं खोटं. मी म्हणालो, "काका, वारा आला नव्हता. झाडं मी तोडली."

काकांनी विचारलं, "का रे?"

"मित्र हसले. मला त्या झाडांची लाज वाटली."

काका उठले, दोरीवरचा फिकट तुकडा काढला आणि बराच वेळ हातात धरून बसले. मुलगी उगीचच पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत होती. मग काकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत.

"अकरा वर्षं," ते हसता हसता म्हणाले, "अकरा वर्षं मी वाऱ्याला शिव्या घातल्या. अय्यो, देवाला काय वाटलं असेल."

"काका, माझं चुकलं."

"चुकलंच. ऊस निघाला की चाळीस खड्डे, आणि ते तू खणायचेस. माणूस लावलास तर कळेल मला. आता डोळे बरे आहेत माझे. आणि त्या दोन शेजाऱ्यांनाही तूच सांगायचं."

शेजाऱ्यांना सांगितलं. एकाने कपाळाला हात लावला, दुसऱ्याने आपल्या बांधासाठी रोपं मागितली. ऊस निघाल्यावर चार रविवार मी खड्डे खणले. हातांना फोड आले, पाठ धरली, आणि सोमवारी ऑफिसात मी शीळ घालत जिना चढलो. काका बांधावर खुर्ची टाकून बसायचे आणि "साकु, पुरे, इतकं खोल नको, विहीर नाही खणायची" म्हणत चिडवायचे.

शेवटचं रोप फणसाचं. माती दाबून मी उभा राहिलो तेवढ्यात रस्त्याकडून वाऱ्याची झुळूक आली. रोपांची पानं हलली, पण एकही रोप कललं नाही.

"माग आता माफी," काका म्हणाले.

"तुमची मागितली की."

"माझी नव्हे. त्याची."

मी हात जोडले आणि वाऱ्याकडे तोंड करून माफी मागितली.