मौजनगरची गाडी आणि बर्फाचं गाव

किस्से शोधायला मला कधी कुठं जावं लागलं नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं शिलाईचं दुकान. मी काजं करत बसलो की कुणी ना कुणी चहाला टेकतंच, आणि टेकलेला माणूस काहीतरी सांगितल्याशिवाय उठत नाही. त्यातले निम्मे किस्से मशीनच्या आवाजात बुडाले, निम्मे मी विसरलो. मौजनगरचे तेवढे सगळे लक्षात आहेत. कारण त्यात मी स्वतः होतो, आणि एका ठिकाणी तर चूकही माझीच होती.

मौजनगर म्हणजे पन्हाळा रस्त्यावरचं पार्क. पाळणे, घसरगुंड्या, पाण्याचे खेळ, आणि एका कडेला छोटी आगगाडी. दोन हजार सालानंतरची गोष्ट. तिथं वर्षाचा पास निघाला आणि आमच्या गल्लीतल्या पाच जणांनी तो काढला. आता कोल्हापुरात पाच माणसांनी मिळून एक गोष्ट केली की तिचं मंडळ होणारच! ‘मौजनगर प्रेमी मंडळ’. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, सल्लागार, प्रसिद्धीप्रमुख. सभासद पाच आणि पदं सहा! उरलेल्या पदावरून पहिल्याच बैठकीत भांडण झालं. शेवटी ते आप्पांना दिलं, कारण ते एकटेच मागत नव्हते.

* * *

आप्पा म्हणजे शिवलिंगाप्पा. पेंडीचं आणि तेलाचं दुकान, वय साठीचं, कपाळावर भस्माचे पट्टे. मूळचे गडहिंग्लजकडचे, त्यामुळं घरात कन्नड, दुकानात मराठी आणि घाबरले की दोन्ही.

पास काढल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही त्यांना मोठ्या पाळण्यात बसवलं. पाळणा पार वर गेला, आणि वरून आप्पांचा आवाज आला, “अय्यो, थांबवा रे! मी हितंच उतरतो, चालत येतो खाली!”

तेव्हापासून आप्पा फक्त आगगाडीत. दर रविवारी पाच फेऱ्या, शेवटचा डबा, खिडकीची जागा. बाळू त्यांना चिडवायचा. हा बाळू कागलच्या एमआयडीसीत लेथवर कामाला, जोरात फिरणाऱ्या पाळण्याशिवाय दुसऱ्या कशात बसायचा नाही.

“आप्पा, ती बारक्या पोरांची गाडी हाय.”

“मग? मी कुठं चालवतोय? नुसता बसतोय की!”

* * *

एका रविवारी पार्कच्या दारात भला मोठा बोर्ड दिसला. ‘लवकरच येत आहे... एक नवी दुनिया!’ कसली दुनिया ते लिहिलेलं नव्हतं. झालं! आमच्या मंडळाला पुढचे दोन महिने दुसरा उद्योग राहिला नाही.

बाळूला अवकाशनगरी पाहिजे होती. मला किल्ला. बुरूज, तोफा, भगवा झेंडा. मी दहा मिनिटं मन लावून बोललो. बाळू शांतपणे म्हणाला, “फुडं पन्हाळा हाय. खरा हाय. तिकीट काढून तुमचा खोटा किल्ला कोण बघंल?”

सुमनवहिनींना बर्फाचं गाव पाहिजे होतं. त्यांच्या सात म्हशी, दुधाचा रतीब, आणि बोलणं असं की पुढचा माणूस आपोआप सरळ बसतो. “एप्रिलात म्हशी बी तळ्यात जाऊन बसत्यात,” त्या म्हणाल्या, “मग माणसानंच काय घोडं मारलंय? गार वाटू द्या की जरा!” त्यांचे मालक तानाजीराव, आमचे पाचवे सभासद, यांनी मान डोलावली. तानाजीराव लग्नात ‘हो’ म्हणाले होते म्हणे, त्यानंतर नुसती मान.

“आप्पा, तुमचं काय?” मी विचारलं.

“काय बी करा. माझी गाडी तेवढी राहू द्या.”

* * *

बाळू असा हरणारा नव्हता. कारखान्यातल्या टाकाऊ पत्र्याचं त्यानं रविवारच्या बैठकीसाठी रॉकेट बनवलं. कमरेएवढं उंच, खाली पाय, वर टोपण. आम्ही सगळे बघतच राहिलो. खरंच नादखुळा काम होतं.

सुमनवहिनींनी टोपण काढून आत डोकावलं. “बेस हाय. किती लिटरचं हाय?”

बाळू रॉकेट उचलून घरी घेऊन गेला. आठवड्यानं आम्ही त्याच्याकडं गेलो, तर त्याच्या आईनं त्यात तांदूळ भरून ठेवले होते.

* * *

शेवटी मतदान घ्यायचं ठरलं. गुप्त. चिठ्ठ्या माझ्या बटणांच्या डब्यात टाकायच्या. मतदानाच्या आदल्या दिवशी सुमनवहिनींच्या घरून सगळ्यांकडं खरवसाचा डबा आला. वेलदोडा घातलेला, घट्ट, सुरीनं कापावा असा. आमच्या घरी तर दोनदा आला!

मी चिठ्ठ्या उघडल्या. बर्फाचं गाव, चार मतं. अवकाशनगरी, एक.

आम्ही सगळे बाळूकडं बघायला लागलो. बाळूचा चेहरा पडला. “ते मत माझं न्हाई,” तो म्हणाला, “मी खरवस खाल्लाता. खाऊन इरोधात मत कसं टाकायचं?”

“मग हे कुणाचं?”

सुमनवहिनी पदर सावरत म्हणाल्या, “माझं. पत्रा वाकवून वाकवून पोराच्या हाताला फोड आलेलं. बघवंना मला.”

* * *

आमचा निकाल सांगायला आम्ही पार्कात गेलो, तर पेंग्विन आधीच येऊन पडले होते! प्लास्टरचे, माणसाएवढे, गवतात आडवे. पार्कच्या मालकांनी सहा महिन्यांपूर्वीच बर्फाचं गाव ठरवलेलं. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. तरी सुमनवहिनींनी तो स्वतःचाच विजय मानला आणि जागा बघायला निघाल्या.

जागेवर चुन्याची फक्की मारलेली होती. पांढरी रेघ सरळ आगगाडीच्या रुळांवरून गेली होती. एकदा इकडून, एकदा तिकडून. मुकादम म्हणाला, “रूळ काढायचं. हितं बर्फाचा डोंगर.”

कॅन्टीनमध्ये चहा आला, तो आप्पांनी तसाच ठेवला. मग म्हणाले, “वडील गेले तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. त्या दिवसापासनं दुकानाची गादी. चाळीस वर्षं पेंड मोजली. काशीला जायचं राहिलं, श्रीशैलला जायचं राहिलं. त्या गाडीत बसलं की कुठंतरी निघाल्यासारखं वाटतंय. फिरून हितंच येतोय, ठावं हाय मला. पण निघाल्यासारखं वाटतंय.”

सुमनवहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला तर आप्पा एवढं बोलू शकतात हेच माहीत नव्हतं.

* * *

निषेध करायचं ठरलं. बाळूनं रात्र जागून निवेदन लिहिलं. ‘तीव्र’ हा शब्द चार वेळा घातला. निघताना मीच म्हणालो, आणि चूक झाली ती इथं, “मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत न्हाई.”

म्हणून नारळ घेतला. नारळ घेतला म्हणून शाल घेतली. शाल घेतली म्हणून हार. फेटा मला चांगला बांधता येतो, म्हणून दुकानातलं केशरी कापडही घेतलं. आप्पा आमच्याबरोबर मालकांच्या ऑफिसात आले नाहीत, गाडीपाशीच थांबले.

आधी सत्कार, मग निषेध, असं ठरलेलं. मी फेटा बांधला, वहिनींनी ओवाळलं, तानाजीरावांनी हार घातला. मालकांनी फेट्याला हात लावून बघितला. “एवढी वर्षं धंदा केला,” ते म्हणाले, “तक्रारी लई आल्या. फेटा पहिल्यांदा आला!” त्यांनी आम्हाला पेढे दिले, फोटोग्राफर बोलावला. बाळूचा हात खिशातल्या निवेदनावर होता, तो फोटोतसुद्धा तिथंच दिसतो.

“तुमचा आशीर्वाद मिळाला,” मालक म्हणाले, “आता थांबायचं कशाला? सोमवारी सकाळीच कुदळ मारू!”

आम्ही बाहेर आलो. आप्पा वाट बघत होते. “मग? निषेध कसा झाला?”

बाळू खाली बघत म्हणाला, “लई उत्साहात झाला, आप्पा.”

* * *

सोमवारी मी दुकान उघडलंच नाही. आम्ही पाचही जण सकाळी पार्कात. गडी कुदळी घेऊन सावलीला बसलेले. गाडीचा ड्रायव्हर पांडू म्हणाला, “आप्पा, काढण्याआधी तुमच्यासाठी एक फेरी मारतो.”

त्या गाडीला स्टेशन एकच. जिथं चढायचं तिथंच उतरायचं. आप्पा शेवटच्या डब्यात खिडकीपाशी बसले. फेरी झाली, गाडी थांबली. आप्पा उठेनात.

“उतरा की, आप्पा,” पांडू म्हणाला.

“आपलं स्टेशन आलं की उतरतो.”

पांडूनं आमच्याकडं बघितलं. आम्ही जमिनीकडं. त्यानं गाडी परत सोडली. अशा चार फेऱ्या झाल्या. तेवढ्यात मालक आले, आणि पाचव्यांदा गाडी थांबल्यावर डब्यापाशी गेले. मी मनात म्हटलं, आता आप्पांचा अपमान होणार.

“आप्पा, असं करू नका,” मालक हळू आवाजात म्हणाले. “गडी खोळंबल्यात.”

आप्पा खिडकीकडं सरकले आणि शेजारची जागा धोतराच्या सोग्यानं पुसली. “या की पावणं. बसा. पुढच्या स्टेशनला दोघं मिळून उतरू.”

मालकांनी एकदा गड्यांकडं बघितलं. मग वाकून आत बसले. त्यांचे गुडघे पार छातीशी आले. पांडूनं शिट्टी दिली.

पहिल्या फेरीला मालक बोलत होते आणि आप्पा ऐकत होते. दुसऱ्या फेरीला आप्पा बोलत होते, हातानं बाहेर काहीतरी दाखवत होते, आणि मालक ऐकत होते. तिसऱ्या फेरीला कुणीच बोलत नव्हतं. दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते.

चौथ्या फेरीला मुकादम वैतागून गाडीशेजारून पळायला लागला. “साहेब! ओ साहेब! कुदळ कुठं मारायची?”

मालकांनी मानसुद्धा वळवली नाही. “थांब की रं जरा! आमचं स्टेशन तर येऊ दे!”