दुखणं जसं असेल तसं

"अबे, वाढलं म्हणजे किती वाढलं? नीट सांग ना लेका!" मी फोनवर ओरडत होतो. अमरावतीच्या फळबाजारात आंबिया बहाराची संत्री उतरत होती. ट्रकचे हॉर्न, हमालांच्या आरोळ्या आणि त्या सगळ्यांवर माझा आवाज. मी वरूडला शिंकलो तर चांदूर बाजारात म्हशी दावं तोडतात, असा तो आवाज. पलीकडून अकोल्याहून तायडे बोलत होता, एका सुरात, सातबारा वाचावा तसा. "नीटच सांगून राहिलो, गुलाबभाऊ. कालच्यापेक्षा आज दुखणं वाढलं. सकाळपासून पाणीही उतरत नाही. उद्या अजून वाढीन." मी म्हणालो, "बस? मले वाटलं तुले न्याले रेडा येऊन उभा राहिला दारात." तो हसला नाही. म्हणाला, "जमलं तर ये." मी म्हणालो, "येतो ना. एवढा माल निघू दे, रविवारी पक्का येतो." तो म्हणाला, "बरं." तो सोमवार होता. पुढचे दोन दिवस मालाच्या धांदलीत फोन राहिला. गुरुवारी सकाळी तायडे गेला. माझा रविवार तीन दिवसांनी आला...

याला आता पाच आठवडे झाले. मी शेजाऱ्याच्या म्हशीच्या तेराव्यालाही ढसाढसा रडलेला माणूस. पण तायडेसाठी डोळ्यांत टिपूस नाही. बाजारात जातो, बोली लावतो, घरी येतो. संत्र्याची फोड तोंडात टाकतो आणि ती आंबट की गोड, ते कळत नाही. संत्र्याचा दलाल मी, चाळीस वर्षं याच जिभेवर पोट भरलं. बायको म्हणते, डॉक्टरले दाखवा. डॉक्टरला काय सांगू, दुखतच नाही कुठं.

आमची ओळख भांडणातली. शेंदूरजनाघाटला माझ्या मामाची संत्र्याची बाग. शेजाऱ्यानं बांध सरकवल्याची तक्रार होती, म्हणून सरकारी मोजणीदार आला, तो तायडे. किडकिडीत, कडक इस्त्रीचा, पायात धूळ बसलेल्या चपला. त्याच्यावर छाप पाडावी म्हणून मी सांगितलं की साहेब, या झाडाचं एक फळ मागच्या साली नाल्यात पडलं तर पाणी अडून शेजाऱ्याच्या वावरात शिरलं, तिथून या भांडणाची सुरुवात. तो थेट नाल्यात उतरला, वाकून दोन्ही काठ पाहून आला आणि वहीत लिहून मला वाचून दाखवलं, "नाल्याचा प्रवाह अडल्याची खूण आढळली नाही." पंच खो खो हसले. तो मात्र शांतपणे साखळी गुंडाळत होता. बांध मामानंच चार हात सरकवलेला निघाला. मामा वर्षभर माझ्याशी बोलला नाही आणि तायडे मात्र माझा झाला तो कायमचा.

तायडे मूळचा भातकुलीचा. त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. घरात बुद्धवचनांचे जाड खंड होते, विहारातही होते. पण लोक गाथा म्हणत, उपदेश ऐकत आणि काही खंड कपाटात तसेच राहत. त्या खंडांत भिक्खूंच्या रोजच्या वागण्याचे नियम. झाडू कसा मारावा, दार कसं लावावं, अंथरूण उन्हात कधी टाकावं, सुईची डबी कशाची नसावी. मी एकदा दोन पानं वाचली आणि मला अशी झोप लागली की दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो. (बायको म्हणते, अर्धा तास. तिला हिशोब येत नाही.) तायडेला हेच खंड आवडत. मी विचारलं, "कावून बे, यात कोणतं ज्ञान हाय?" तर म्हणाला, "वावराच्या मधात सगळेच जातात, भाऊ. वाद कोपऱ्यात राहते. मी कोपरे पाहतो."

आणि पाहिलेलं तो वागायचा, ही खरी पंचाईत. मुक्काम सोडून जाताना भिक्खूनं काय करावं, याचाही तिथं नियम आहे. भांडीकुंडी जागेवर लावावी, खाट दगडांवर उचलून ठेवावी म्हणजे वाळवी लागत नाही, खिडक्या लावाव्या, जागा कुणाच्या तरी सुपूर्द करावी. तायडेच्या सात बदल्या झाल्या. प्रत्येक वेळी सरकारी क्वार्टर सोडताना हा माणूस स्वतःच्या हातानं भिंतींना चुना मारायचा आणि येणाऱ्यासाठी माठ भरून ठेवायचा. येणारा कोण, हे माहीतही नसायचं. मी म्हणायचो, "लेका, सरकार तुले याचा बिल्ला देणार हाय का?" तो म्हणायचा, "आपण निघालो की जागा कशी दिसते, एवढंच आपल्या हातात राहते."

पण ज्या नियमाखाली त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली होती, तो वेगळाच होता. आजारी भिक्खूनं कसं असावं, हे तिथं सांगितलंय. आजाऱ्याची सेवा करावी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आजाऱ्यानंही काही पाळायचं असतं, हे कोण वाचतो? त्यात एक गोष्ट अशी की दुखणं जसं असेल तसं सेवा करणाऱ्याला सांगावं. वाढलं तर वाढलं, उतरलं तर उतरलं, थांबलं तर थांबलं.

त्या रेघेमागे त्याचा बाप होता. बाप मजुरीला जायचा. पोटात दुखायचं, रात्रंदिवस दुखायचं, आणि पोरांनी विचारलं की म्हणायचा, "बरं हाय." आई विचारायची, "बरं हाय." तायडे नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती, दवाखान्यात नेण्याइतकी ऐपत आली होती. बाप "बरं हाय" म्हणत म्हणत एका सकाळी उठलाच नाही. पुढं कधीतरी तो नियम वाचताना तायडे थबकला. मला म्हणाला, "सगळे म्हणतात हा नियम भिक्खूंसाठी हाय. मले वाटते माह्या बापासाठी सांगितला होता. त्याच्यापर्यंत पोचलाच नाही." तेव्हाही मी काहीतरी विनोद केला असेल. आता आठवत नाही...

मला टायफॉइड झाला तेव्हा तो रजा टाकून अमरावतीला आला. अकरा दिवस माझ्या ओसरीवर झोपला. मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ताप वाढवून सांगायचो. सकाळी एकशेतीन असला की संध्याकाळी पाहुण्यांसमोर एकशेनऊ. एकाला तर सांगितलं की माझ्या कपाळावर भाकर भाजली. पाहुणे गेले की तायडे गुपचूप थर्मामीटर लावायचा आणि कागदावर खरा आकडा लिहायचा. एकदा चिडून म्हणाला, "तुह्या अशानं डॉक्टर फसते, गुलाबभाऊ. मी पट्ट्या ठेवू का बर्फ आणू, मले कसं समजीन? आजाऱ्यानं खरं सांगितलं की सेवा करणाऱ्याचं अर्धं ओझं उतरते." मी म्हणालो, "मग आजारी पडण्यात मजा काय राहिली?" तो पट्टी पिळत राहिला.

तो आजारी पडला तेव्हा त्यानं तो नियम पाळला. चार महिने. मी रोज सकाळी बाजारातून फोन करायचो, तो सांगायचा. आज थांबलं. आज उतरलं. आज वाढलं. ना कण्हणं, ना देवाधर्माची भाषा. आणि मी काय केलं, तर माझ्या धंद्यानं शिकवलं ते. बाग उभ्याउभ्या पाहून सौदा करायचा असतो. मालक म्हणाला वीस गाड्या, तर दलालानं दहा धरायच्या. मी स्वतः दहाच्या वीस करतो, म्हणून दुसऱ्याच्या विसाच्या दहा करतो. चाळीस वर्षांत कानाला तीच खोड. तायडे म्हणाला "वाढलं", मी धरलं थोडं वाढलं. तायडे म्हणाला "जमलं तर ये", मी धरलं, काही घाई नाही. अख्ख्या वऱ्हाडात हा एकच माणूस असा होता की त्याच्या शब्दातून काही वजा करायचं नसतं. हे मला तीस वर्षं माहीत होतं. मी ते लोकांना गंमत म्हणून सांगतही होतो. अमरावतीहून अकोला, मूर्तिजापूरला चहा प्यायला थांबलं तरी अडीच तास. चार महिन्यांत मी एकदाही गेलो नाही.

गेलो तो गुरुवारी, दुपारी. लोक होते, मीही होतो. कुणीतरी म्हणालं, गुलाबभाऊ, तुम्ही दोन शब्द बोला. माझ्यासारख्याला दोन शब्द म्हणजे दोन तास. मी उभा राहिलो आणि तोंडातून काही निघालंच नाही. खाली बसलो.

परवा पुन्हा अकोल्याला गेलो. तायडेच्या घरी शांतावहिनी एकट्याच होत्या, गहू निवडत होत्या. मी समोर बसलो. त्या म्हणाल्या, "मले काही जड गेलं नाही, भाऊजी. रोज खरं सांगत होते. कधी कूस बदलायची, कधी नुसतं बसायचं, सारं समजत होतं." मी मान हलवली. मग म्हणालो, "तायडे म्हणजे दगड होता, वहिनी. त्याले कोणाची गरज नव्हती." माझी नेहमीची थाप. त्या सुपातले खडे वेचत राहिल्या. शेवटी मी विचारलंच, "माही वाट पाहिली का त्यानं?"

वहिनींनी वर पाहिलं.

"पाहिली," त्या म्हणाल्या. "बुधवारी दुपारपर्यंत पाहिली. मग नाही पाहिली."