उतारावर न्यूट्रल

मी ट्रक चालवायला शिकलो तो पांढरकवड्याच्या एका मिस्त्रीकडून. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही. दुरुस्तीनंतर गाडीची ट्रायल घ्यायला निघाले की ते मला शेजारी बसवत आणि गावाबाहेर गेल्यावर स्टिअरिंग माझ्या हाती देत. त्या जुन्या ट्रकांचा खालचा गिअर सरळ पडत नसे. क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडून थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. माझ्या हातून खर्रकन आवाज झाला की चाचा स्वतःचे कान पकडत आणि गिअरबॉक्सला म्हणत, "माफ कर बाई, नवा हाय पोट्टा."

घाटाबद्दल मात्र ते थट्टा करत नसत. चढायला जो गिअर लागेल तोच उतरायला, आणि तोही उतार लागायच्या आधी टाकायचा. "गाडी इंजिनानं धर. ब्रेक दाबूनच बसू नको. दाब, सोड, ब्रेकच्या ड्रमले थंड होऊ दे."

हे सगळं मी मन लावून शिकलो आणि नोकरी लागल्यावर सोडून दिलं.

कापसाला भाव नसण्याची ती वर्षं. जिनिंग कारखान्याच्या फाटकासमोर गाड्या दोन-दोन दिवस उभ्या राहायच्या, फेऱ्या कमी झाल्या होत्या आणि माझा मालक डिझेलवरून रोज कोणाला ना कोणाला बोलायचा. डिझेल वाचवायला ड्रायव्हर लोक उतारावर गाडी न्यूट्रल करायचे. मीही करू लागलो. माझं डिझेल सगळ्यांत कमी लागतं हे मालकाच्या लक्षात आलं, तेव्हा फाटकावरच्या चहाच्या टपरीवर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "याच्यापासून शिका रे काही. गाडी चालवावी तं अशी." ते ऐकून मला किती बरं वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

त्या दुपारी मी राळेगावकडचा कापूस भरून निघालो होतो. चार दिवसांपूर्वीच चाचांनी चारही चाकांना नवे ब्रेक लायनर बसवले होते. ज्यांचा कापूस होता ते एक म्हातारे शेतकरी माझ्याशेजारी केबिनमध्ये बसले होते. घाटाच्या माथ्यावर मी न्यूट्रल केलं तसं इंजिन गप्प झालं.

"कशी अल्लद चालली," ते कौतुकानं म्हणाले. "आवाजच नाही येऊन राह्यला."

पहिल्या वळणावर ब्रेक लागला. दुसऱ्यावर लागला, पण पाय जास्त दाबावा लागला. मग जळका वास आला. तिसऱ्या वळणाआधी पेडल खालपर्यंत गेलं आणि गाडी तशीच धावत राहिली. मी गिअर टाकायला गेलो, पण त्या वेगात तो पडेना. नुसती खरखर. शेवटी मी ट्रक डोंगराच्या बाजूच्या नालीत घातला. तो कलंडला आणि त्या म्हाताऱ्यांचं मनगट मोडलं. त्यांनी मला दोष दिला नाही. उलट दवाखान्यात म्हणाले, "तुह्या हुशारीनं वाचलो, बाप्पा."

दुसऱ्या दिवशी ट्रक ओढून चाचांच्या गॅरेजात आणला. मालक आला, चार ड्रायव्हर आले.

"चार दिवसाआंधी लायनर टाकले अन् ब्रेक लागत नाही?" मालक ओरडला. "कचरा माल टाकला काय, मिस्त्री?"

चाचांनी चाक खोललं. ड्रम तापून निळा पडला होता. त्यांनी लायनरवरून अंगठ्याचं नख फिरवलं. तो तापून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "बेटा, उतारावर कोणत्या गिअरात होती?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मालकही.

"दुसऱ्यात," मी म्हणालो.

चाचांनी फडक्यानं हात पुसले. मग मालकाला म्हणाले, "मंग माह्यंच काम कच्चं असन."

ही गोष्ट फाटकावर पोचायला दिवसही लागला नाही. चाचांच्या हातचे ब्रेक धोक्याचे, असं बोललं जाऊ लागलं. ट्रक यायचे थांबले. वर्षभरात त्यांच्याकडे सायकली आणि पंक्चर एवढंच उरलं. मी माझी गाडी पुढच्या मिस्त्रीकडे नेऊ लागलो. मी समोरून जाताना चाचा गॅरेजातून हात वर करायचे आणि मी आरशात बघतोय असं दाखवायचो.

आता माझी स्वतःची जीप आहे. मागच्या वर्षी ब्रेक कमी लागतो असं निमित्त करून मी ती चाचांकडे नेली. ब्रेक ठीक होते, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही दोन मिनिटांत कळलं.

"याले काही झालं नाही," ते म्हणाले. "काहून आला?"

"चाचा, त्या दिवशी न्यूट्रल होतं."

"मले ठाव हाय. ड्रम पाह्यला ना मी."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुले विचारलं ना मी." ते चाक बसवत राहिले. "वाटलं, आज नाही तं उद्या बोलशीन. मालकासमोर नाही तं टपरीवर बोलशीन. मंग वाट पाहणं सोडून देल्लं."

मी माफी मागितली. त्यांनी शेवटचा नट आवळला आणि म्हणाले, "मले सांगून काय होते? मले तं माहीतच होतं. जेथं खोटं पसरलं, तेथं सांग."

मी फाटकावर गेलो. टपरी तीच, पण मालक जाऊन बरीच वर्षं झालेली आणि ड्रायव्हर सगळे नवे. चहा घेऊन मी त्यांना सगळं सांगितलं. चाचांचं पूर्ण नाव घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"कोण मिस्त्री?" एकानं विचारलं. "तो पंक्चरवाला बुढा?"

"न्यूट्रल तं आमीबी करतो, काका," दुसरा हसत म्हणाला. "त्यात काय रडायचं?"

ज्यांच्यासमोर चाचांचं नाव खराब झालं होतं, त्यांतलं तिथं कोणीच नव्हतं. जे होते त्यांना खराब व्हायला चाचांचं कधी नाव होतं हेही माहीत नव्हतं. मी पेला ठेवला आणि न्यूट्रलवाल्याला म्हणालो, "चाल, तुही गाडी भरली असन तं मी बसतो संगं. घाट लागायच्या आधी कोणता गिअर टाकायचा ते दाखवतो."

"घाईत हावो, काका," तो म्हणाला आणि निघून गेला.