गोळी गिळा आणि बोला

माझ्या आत्याला सगळे खिडकीबाई म्हणत, कारण टेकडीवरच्या क्षयाच्या इस्पितळात तिची नोकरीच मुळी खिडक्या उघड्या ठेवण्याची होती. तेव्हा या रोगावर औषध नव्हतं. होतं ते मोकळी हवा, दूध आणि नशीब. रोगी उघड्या खिडक्यांखालच्या खाटांवर ओळीनं कुडकुडत पडत आणि तिला शिव्या देत. ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

मग गोळ्या आल्या. हळूहळू खाटा रिकाम्या झाल्या, टेकडीवर कुलूप लागलं आणि शहरात बाजारामागे दोन खोल्यांचा दवाखाना निघाला. 'आता खिडकीबाईला कोण विचारतो?' म्हणणाऱ्यांचे दात तिनं त्यांच्याच घशात घातले. रोग्यांना रोज समोर उभं करून गोळ्या गिळायला लावायचं काम तिनं मागून घेतलं. लोक गोळी गालात दाबून बाहेर थुंकत. त्यावर तिचा उपाय साधा होता: पाणी पाजायचं आणि लगेच बोलायला लावायचं. तोंडात गोळी असली की जीभ अडखळतेच.

एक दिवस त्या रांगेत तिचा धाकटा भाऊ उभा राहिला, म्हणजे माझे बाबा. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांना मात्र आत्यानं बोलायला लावलं नाही. आपलाच भाऊ, त्याला काय तपासायचं! याचा मला अजून राग येतो. गोळ्यांनी बाबांना मळमळायचं, कामात खिळे चुकायचे. तीन महिन्यांनी त्यांच्या थुंकीत रक्त दिसलं, आणि आईला कोटाच्या खिशात ओंजळभर गोळ्या सापडल्या.

डॉक्टरांनी दीड वर्षाचा कोर्स पहिल्यापासून लिहून दिला. "या खेपेला चुकलात तर माझ्याकडे दुसरं औषध नाही," असंही बजावलं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं भावाच्या हातावर गोळ्या ठेवल्या, पाणी दिलं.

"बोल."

"ताई, चारचौघांत लाज काढतेस होय?"

"लाज गेली तर चालेल, तू जायला नकोस. पोरांची नावं घे. मोठ्यानं."

बाबांनी तीन नावं घेतली. एकाही सुट्टीचा अपवाद नाही, पुढे रोज हेच. रांगेतल्या लोकांनाही ती नावं इतकी पाठ झाली, की बाबांना बोलायला उशीर झाला तर तेच ती घेऊन टाकत.

शेवटच्या दिवशी आत्या नेहमीसारखीच दरडावून म्हणाली, "बोल."

त्या दिवशी बाबांनी चार नावं घेतली. चौथं माझं होतं, आदल्याच आठवड्यात ठेवलेलं. आत्यानं ते त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं.