लेबल न वाचलेला शब्द

“मास्तर, आ करा. अजून मोठा.”

कादर मास्तरांनी आ केला. माझ्या एका हातात टॉर्च होता, दुसऱ्यात स्पॅच्युला, म्हणजे जीभ दाबायची चपटी पट्टी. दुपारची ओपीडी नुकतीच संपली होती. पाय भरून आले होते. आणि मी मास्तरांच्या घशात एक अक्षर शोधत होते.

अक्षराचं नाव ‘ऐन’. अरबीतलं. ते कंठाच्या मुळातून येतं, असं मास्तर सांगत. आठ दिवस झाले, मला काही ते येत नव्हतं. म्हटलं, आपण नर्स आहोत, निघतं कुठून ते बघून तरी घ्यावं. अक्षर दिसलं नाही, घसा लाल दिसला. पट्टी जरा जास्त आत गेली आणि मास्तरांच्या तोंडून एक आवाज निघाला. दोघंही थांबलो.

“हेच!” मास्तर खोकत म्हणाले. “सिस्टर, हेच ते ऐन!”

बारा वर्षं मी हा आवाज रोज ऐकत होते आणि पेशंटला “झालं हं, झालं” म्हणत होते. मी मास्तरांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि टॉर्च बंद केला.

मी नांदुऱ्याच्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. आखातातल्या हॉस्पिटलांसाठी नर्सेस हव्यात, अशा जाहिराती तेव्हा पेपरात यायला लागल्या होत्या. त्यातली एक मी कापून ठेवली. वय पस्तिसाच्या आत, अरबी येत असल्यास प्राधान्य. मला चौतीस उलटून सहा महिने झाले होते. क्वार्टरमध्ये आई होती. तिची डावी बाजू अर्धांगानं गेलेली. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यांना बेडसोर म्हणतात. ड्युटीतून दर दोन तासांनी पळत घरी जायचं, आईला वळवायचं, पळत परत यायचं. मी थकले होते, दुसरा शब्द नाही. दोन वर्षं जाऊन यावं, आईसाठी स्वतःच्या दोन खोल्या बांधाव्यात, एवढाच बेत होता. तोवर धामणगाव बढ्याहून माझ्या मावसभावाची बायको येऊन राहणार होती.

ना हरकत पत्रावर सही घ्यायला डॉक्टरसाहेबांकडे गेले.

“अरबी शिकताय? सिस्टर, तुम्हाला अजून माझं अक्षर वाचता येत नाही.”

“सर, ते कुणालाच येत नाही. अरबी निदान मास्तरांना तरी येतं.”

साहेबांनी सही केली.

मास्तर उर्दू शाळेतून रिटायर झालेले. दम्याचं इंजेक्शन घ्यायला यायचे आणि मग ड्रेसिंग रूमच्या बाकावर बसून मला शिकवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, “सिस्टर, मले अरबी वाचता येते. थोडंबहुत समजते बी. पन बोलाची सवय नाही. अरब मानूस तं म्या कधी पाह्यलाच नाही.”

“चालेल मास्तर. मी फक्त पेपरात पाहिलाय.”

मी उत्साहानं चाळीस शब्दांची यादी करून नेली. मरीज, इलाज, दवा, हकीम, तब्येत. हे सगळं मूळचं तिकडचंच, असं त्यांनीच सांगितलं होतं. “मास्तर, अर्धं अरबी तर आपल्या तोंडात आहेच की!”

मास्तरांनी चष्मा लावला. “त्याचंच तं भेव हाय. शब्द तिकडलेच, पन इथं राहून राहून बदलले. आता हे तब्येत. तिकडं त्याचा अर्थ सभाव. एकेक तपासल्याबिगर तोंडातून काढू नका.”

खरं तर हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. औषध देताना बाटलीवरचं लेबल तीनदा वाचायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. बाटली उचलताना, औषध ओतताना, बाटली परत ठेवताना.

मास्तर पेन्सिलीनं एकेका शब्दापुढे खूण करत गेले. एकतीस झाले आणि वरवट बकालहून बाळंतपणात अडलेली बाई आली. “उरलेले नऊ उद्या,” म्हणत मी उठले. दुसऱ्या दिवशी आईला ताप. तिसऱ्या दिवसापासून मास्तरांचा दमा उसळला, ते मलकापूरला मुलाकडे गेले. तेवढ्यात मुलाखतीची तारीख आली. नऊ शब्द तसेच राहिले. रोजच्या वापरातले तर आहेत, त्यांना काय तपासायचं, असं मी मनाशी म्हटलं. दमलेलं माणूस असंच म्हणतं.

आईजवळ दोन दिवस मावसभावाची बायको येऊन राहिली. मुंबईला एका हॉटेलच्या खोलीत मुलाखत होती. समोर एक वयस्कर अरब डॉक्टर, शेजारी हैदराबादचा दुभाषा. इंजेक्शन, ब्लडप्रेशर, भाजलेल्या पेशंटचं ड्रेसिंग, सगळं नीट सांगितलं. मग डॉक्टरांनी दुभाष्याकरवी विचारलं, पेशंटला दुखतंय कुठं ते अरबीत कसं विचाराल? मी म्हणाले, “ऐनल वजा?” वजाच्या शेवटी ऐन येतं. ते मी पट्टी लागल्यासारखं घशातून काढलं. डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. मला वाटलं, जिंकलं!

दुभाष्यानं विचारलं, मुल्क सोडून का यायचंय? याचं उत्तर मी गाडीत घोकलं होतं. मी गरीब आहे, आई आजारी आहे. शब्दाला आ लावला की तो बाईचा होतो, हे मास्तरांनी शिकवलेलं.

“अना गरीबा. उम्मी मरीजा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दुभाष्याशी काहीतरी बोलले.

“साहब पूछ रहे, अपने ही मुल्क में आप परदेसी कैसे?”

“परदेसी? मैंने तो गरीब बोला.”

“वोइच तो. इनके पास गरीब बोले तो परदेसी. जिसका उधर कोई नहीं. आप जो बोलना चाह रहे, उसको फकीर बोलते.”

खोलीतून उठून जावंसं वाटलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, तो दुभाष्यानं हळू आवाजात सांगितला.

“अम्मा बीमार है, तो आप इधर आए बाद उनके पास कौन रहता?”

“भाई की बीवी,” मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं.

सकाळी नांदुऱ्याला उतरले, घरी गेले, पदर खोचून आधी आईची कूस बदलायला घेतली.

“काय इचारलं वं?” आईनं विचारलं. तिचं बोलणं जड झालं होतं, डोकं नाही.

मी सगळं सांगितलं. घशातलं ऐन, परदेशी, फकीर. ती अर्ध्या तोंडानं खूप हसली. मी तिला भिंतीकडे वळवलं. जरा वेळानं भिंतीकडूनच आवाज आला.

“म्हनजे ज्याचं तिथं कोनी नाही, तो गरीब?”

“हो.”

“मंग तू गेल्यावर गरीब कोन वं? तू का मी?”

मी तिच्या पाठीशी उशी लावली.

दीड महिन्यानं पत्र आलं. निवड झाली होती. डॉक्टरसाहेबांनी अभिनंदन केलं. मी चार दिवस पत्र उशाखाली ठेवलं आणि पाचव्या दिवशी नकार कळवला. त्या दिवशी ड्रेसिंग रूमचं दार लावून मी रडले, ते आईसाठी नाही, माझ्यासाठी. पस्तिशी उलटली, पुन्हा अर्ज करायचा प्रश्नच उरला नाही.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. माझ्यावर चिडली की म्हणायची, “तू जायले पाह्यजे होतं.” तिच्या पाठीला शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही.

मुलाखतीनंतर काही दिवसांनी मास्तर मलकापूरहून परतले होते, तेव्हाच मी त्यांना हकीकत सांगितली. त्यांनी यादी मागून घेतली, ‘गरीब’ शोधला आणि पुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, परका. “माह्याच्यानंच राहून गेलं,” म्हणाले, आणि इंजेक्शनसाठी बाही वर केली.

मी त्याच दवाखान्यातून रिटायर झाले. नव्या मुली यायच्या, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगायचे, लेबल तीनदा वाचायचं. एखादी चुणचुणीत पोर विचारायचीच, “सिस्टर, रोजच्या ओळखीच्या बाटलीचं काऊन वाचाचं?”

मी म्हणायचे, “तिचंच वाचायचं. अनोळखी बाटली आपण न सांगताही वाचतो.”