आईनं दुकानात कॉम्प्युटर आणला

शाळेच्या गणवेशांचं आमचं दुकान नवी पेठेत. वडील गेल्यावर आईनंच ते चालवलं. कुठल्या शाळेचा, कुठल्या मापाचा कपडा कुठल्या कप्प्यात आहे, हे फक्त तिला ठाऊक. जूनच्या गर्दीत मी मदतीला जायची, पण दर दोन मिनिटांनी तिलाच हाक मारायची.

एका जूनमध्ये ती तापानं घरी पडली. सांगोल्याकडचा एक मेंढपाळ लेकीला घेऊन आला. पोर पहिल्यांदाच आश्रमशाळेत राहायला निघाली होती. तिच्या मापाचा निळा फ्रॉक काही मला सापडेना. आईला फोन केला. "पोटमाळ्यावर बघ की," ती म्हणाली. तिथंही नव्हता. दोघं रिकाम्या हातानं एसटी स्टँडकडं गेली.

आई बरी होऊन आली, तर फ्रॉक निघाले स्वेटरच्या गठ्ठ्यामागं. तिनं त्यातला त्या पोरीच्या मापाचा एक काढून गल्ल्यावर ठेवला. मग म्हणाली, "माल असून पोर तशीच गेली. मी आजारी पडले की दुकान आंधळं हुतंय. कॉम्प्युटरवाल्याला बोलाव."

मामा म्हणाला, "अक्का, या वयात कशाला?"

"या वयातच लागतंय. सगळं डोक्यात किती दिवस ऱ्हाणार?"

दिवाळीनंतर धंदा मंद असतो. तेव्हा एकेक कपडा खाली काढून आम्ही बारकोडचे स्टिकर लावले. प्रोग्राम बसवणाऱ्याला आईनं बजावलं, "माल हाय एवढं कळून भागत न्हाय. कुटं हाय ते बी दिसाय पाहिजे." त्यानं कप्प्याचा नंबर लिहायची सोय करून दिली.

पुढच्या जूनमध्ये ताईचं बाळंतपण आलं आणि ऐन हंगामात आई लातूरला गेली. असं कधीच घडलं नव्हतं. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"काय संपत आलंय का?"

"अठ्ठावीसच्या पँटी. स्क्रीनवर लाल दिसलं, सकाळीच मागवल्या."

"मला न विचारता?"

"व्हय."

ती हसली. मग तिकडं ताईला सांगताना तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "पोरगी दुकान लई झकास चालवतीया!" फोन ठेवून मी गिऱ्हाइकाकडं वळले, तेव्हा वडील बसायचे त्या गल्ल्यावर मी पहिल्यांदाच ऐटीत बसले होते.