एका पेडाची वेणी

बर्फ पडून गेला की आमचं अख्खं गाव सकाळी माझ्या खानावळीच्या खिडकीशी जमतं. हातात कॉफी, डोळे समोरच्या डोंगरावर. स्की करत कोण कुठून उतरलं, हे बर्फातल्या रेषांवरून ओळखायचं आणि नावं ठेवायची.

तीस वर्षं मोठ्या उतारावर एकच वेणी उमटायची. पुढे आन्सेल्म, गावचा वाटाड्या, काळ्या खडकाच्या डावीकडून. मागे त्याची बायको ओनोरीन, उजवीकडून, त्याच्या प्रत्येक वळणाला उलटं वळण देत. दोन रेषा एकमेकींना छेदत खाली यायच्या.

आन्सेल्म छातीच्या दुखण्यानं गेला. ओनोरीननं मोठा उतार सोडला तो सोडलाच. मला चीड यायची. पाय तिचे कुणाहून कमी नव्हते, पण वळायचं कुठे हे तिनं कधी ठरवलंच नव्हतं. समोर नवऱ्याची पाठ दिसली की झालं.

"अगं, जा की वर!" मी म्हणायचे.

"कुणाच्या मागे जाऊ?" ती विचारायची.

दोन हिवाळे ती चर्चमागच्या छोट्या उतारावर एकटीच जात राहिली. पडायची, उठायची. हळूहळू पडेनाशी झाली.

यंदा मार्चात ती डोंगरावर नेणाऱ्या, तारेवरच्या पहिल्या पाळण्यानं वर गेली. आन्सेल्मबरोबर वाटाड्याचं काम करणारा गास्पार खिडकीशी होता. "बघ, पाळण्यातनंच परत येते की नाही!"

ती आली ती उतारावरून. पण खडकाच्या उजवीकडून. डावी बाजू कोरीच ठेवलेली. निम्म्यावर थांबून तिनं खाली पाहिलं, आन्सेल्म तिच्यासाठी जिथे थांबायचा तिथे. मला बघवेना.

आत आली तेव्हा गाल लालबुंद होते. "मध्येच मोठ्यानं हसले गं मी. ऐकायला कुणी नव्हतं."

"एका पेडाची वेणी कुठं होते का?" गास्पार बोलून गेला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं कपात तोंड खुपसलं.

ओनोरीननं खिडकीतून आपल्या एकट्या रेषेकडे पाहिलं. मग कॉफी अर्धी टाकून बाहेर पडली.

तासाभरानं खडकाच्या डावीकडे ठिपका दिसला. ती निघाली, सकाळच्या आपल्याच रेषेला छेदत, कुठेही न थांबता. गास्पारनं टोपी काढली.

ती परत आली तेव्हा त्यानंच विचारलं, "आता पुढे कोण होतं गं?"

"सकाळची मी," ती म्हणाली आणि हसली. मग आन्सेल्म नेहमी बसायचा त्या खुर्चीत बसून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आमच्यादेखत रडली.